परदेशी विद्यापीठाशी मानसिक आरोग्याचा करार करताना काय मागावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी समाजकार्य शिकवणाऱ्या एक प्राध्यापिका लिहितात: ‘एक परदेशी विद्यापीठ आमच्या विद्यापीठाशी करार करणार आहे. विषय गोरगरिबांपर्यंत मानसिक आरोग्यसेवा पोचवण्याचा. कागदावर सगळं चांगलं दिसतं. पण अशा प्रकल्पांतून गावातल्या बाईच्या पदरात खरंच काही पडतं का? आणि करारात आम्ही नेमकं काय मागावं?’

मी मनोविकार विभागात सामाजिक कार्यकर्ता म्हणून तेवीस वर्षं काम केलं. त्यातली शेवटची पंधरा वर्षं गावपातळीवरच्या समुपदेशकांचं काम ऐकण्यात आणि त्यांच्याबरोबर बसून ते सुधारण्यात गेली. त्या अनुभवावरून लिहितो.

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असं आहे. पदरात पडतं, आणि ते मोजून दाखवता येतं. पण ते कशामुळे पडतं, ही गोष्ट मी पाहिलेल्या बहुतेक करारांत लिहिलेली नव्हती. म्हणून आधी त्याबद्दल सांगतो, मागण्यांकडे नंतर येतो.

गोव्यापासून सुरुवात करू. ‘संगाथ’ ही १९९६ साली गोव्यात सुरू झालेली संस्था. लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनबरोबर तिनं ‘मानस’ नावाचा अभ्यास केला, त्याचे निष्कर्ष २०१० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. एकूण २४ दवाखाने घेतले होते: १२ सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि १२ खासगी डॉक्टरांचे दवाखाने. त्यातल्या निम्म्या ठिकाणी एक समुपदेशक बसवली. ती स्थानिक, आरोग्यक्षेत्राचं कुठलंही पूर्वशिक्षण नसलेली. तिला या कामापुरतं प्रशिक्षण दिलं होतं आणि मागे मनोविकारतज्ज्ञ अडीअडचणीला उभा होता. उदासपणा आणि चिंतेच्या आजारांचे २,७९६ रुग्ण या अभ्यासात होते. सरकारी केंद्रांमध्ये सहा महिन्यांनी, जिथे समुपदेशक होती तिथले सुमारे ६६ टक्के रुग्ण बरे झाले होते. जिथे नव्हती तिथले साडेबेचाळीस टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र दोन्हीकडे जवळपास सारखंच चित्र दिसलं.

हा शेवटचा भाग लोक घाईघाईनं ओलांडतात. मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. माझा अंदाज असा की, खासगी डॉक्टर रुग्णाला नावानिशी ओळखतो, सासूची चौकशी करतो, पुढच्या वेळी तोच डॉक्टर भेटतो. सरकारी ओपीडीत सकाळी शंभर केसपेपर निघतात आणि बाईच्या वाट्याला दीड मिनिट येतं. तिथे कोणी अर्धा तास बसून ऐकलं की फरक पडतो. म्हणजे सगळ्यात जास्त फायदा तिथे झाला, जिथे पैसे नसलेली माणसं जातात. ‘समता’ हा शब्द प्रस्तावात वापरायचा असेल, तर तो याच अर्थानं वापरावा. सेवा कुठे ठेवली, यावर ती कोणाला मिळणार ते ठरतं.

पाकिस्तानातल्या रावळपिंडीच्या ग्रामीण भागात लिव्हरपूल विद्यापीठाशी संबंधित गटानं बाळंतिणींसाठी असंच काम केलं. तिथे सरकारच्या ‘लेडी हेल्थ वर्कर’ होत्याच, घरोघरी जात होत्या. बाळाच्या वजनाची, दुधाची चौकशी करता करताच त्या आईच्या मनाचीही विचारपूस करायला शिकल्या. बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा अशी विचारपूस झालेल्या आयांमध्ये २३ टक्के अजून नैराश्यात होत्या. नेहमीच्याच भेटी मिळालेल्या आयांमध्ये ५३ टक्के. हे २००८ साली प्रसिद्ध झालं आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेनं ती पद्धत आपलं मॅन्युअल म्हणून स्वीकारली. कोणी नवी यंत्रणा उभारली नव्हती. जी बाई आधीच उंबरठ्यावर येत होती, तिलाच आणखी एक गोष्ट करता आली.

आता मूळ मुद्दा. हे आकडे वाचून अनेकांचा समज होतो की गुपित प्रशिक्षणात आहे. पाच दिवसांची कार्यशाळा, फाइल, प्रमाणपत्र, ग्रुप फोटो. पंधरा वर्षं समुपदेशकांच्या शेजारी बसल्यावर मी खात्रीनं सांगतो की प्रशिक्षणाचा परिणाम तीनेक महिन्यांत विरतो. मागे नियमित सुपरव्हिजन, म्हणजे कोणीतरी त्यांचं काम ऐकून ते सुधारायला मदत करणं, नसेल तर समुपदेशक ताई सल्ले द्यायला लागतात. ‘एवढं काय मनावर घेता’, ‘मुलांकडे बघा’, ‘देवाचं नाव घ्या’. त्यांचा यात दोष नाही. समोर कोणी रडायला लागलं की आपण सगळे हेच करतो, कारण दुसऱ्याचं रडणं आपल्याला सोसत नाही. ते सोसायला शिकणं हेच समुपदेशकाचं काम, आणि ते एकट्यानं शिकता येत नाही.

गोव्यातल्याच पुढच्या अभ्यासात यावर बारकाईनं विचार झाला. नैराश्यासाठी सहा ते आठ भेटींची एक साधी पद्धत तयार केली. नैराश्यात माणूस एकेक गोष्ट सोडत जातो, तेव्हा त्याला पुन्हा छोट्या छोट्या कामांकडे, माणसांकडे वळवायचं, असा तिचा गाभा. गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये ४९५ रुग्णांवर ती तपासली. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते, इतरांपैकी ३९ टक्के. माझ्या दृष्टीनं त्यातली शिकण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. समुपदेशक भेटीचं ध्वनिमुद्रण करायचे, अर्थात रुग्णाच्या परवानगीनं. मग गटात बसून ते एकमेकांचं ध्वनिमुद्रण ऐकायचे आणि ठरलेल्या निकषांवर गुण द्यायचे. तज्ज्ञांनी दिलेले गुण आणि या साध्या समुपदेशकांनी दिलेले गुण यांत पुरेसा मेळ बसतो, असं तपासणीत दिसलं. म्हणजे सुरुवातीला तज्ज्ञ लागतो, पण पुढे गट स्वतःचा दर्जा स्वतः राखू शकतो.

मी हे वाचलं तेव्हा आम्ही महिन्यातून एकदा सुपरव्हिजन करत होतो, तेही रजिस्टर तपासण्यापुरतं. किती केसेस, किती भेटी, किती रेफर. त्यानंतर आम्ही शुक्रवारची दुपार ठरवली. आठ जणी, एक ध्वनिमुद्रण, दोन तास. पहिले दोन महिने फार जड गेले. आपला आवाज सगळ्यांसमोर ऐकवायला कोणालाच नको होतं. तिसऱ्या महिन्यात एका ताईनं स्वतःहून एक भेट आणली. नवरा गेलेली, कर्ज डोक्यावर असलेली बाई बोलत होती, आणि आमच्या ताई मध्येच सरकारी योजनेची माहिती देऊ लागल्या होत्या. ध्वनिमुद्रण थांबवून ताई म्हणाल्या, ‘इथं मी घाबरले. म्हणून योजनेवर गेले.’ खोलीत बराच वेळ कोणी बोललं नाही. मग दुसऱ्या एकीनं विचारलं, ‘त्या जागी गप्प बसायचं असतं का?’ त्या दुपारी आठ जणी जे शिकल्या ते माझ्या कुठल्याही व्याख्यानातून शिकल्या नसत्या. त्यानंतर शुक्रवार चुकवायचा नाही असं त्यांनीच ठरवलं.

अनुदान संपलं तेव्हा सगळ्यात आधी हा शुक्रवार गेला. गाडीभाडं नाही, माझा वेळ दुसरीकडे, खोली दुसऱ्या विभागाला. ताई मात्र आपापल्या जागी होत्या. वर्षभरानं त्यांच्यातल्या दोघींना भेटलो तर त्या पुन्हा ‘मुलांकडे बघा’वर आल्या होत्या. याचं मला अजून वाईट वाटतं, कारण हे टाळता आलं असतं. ती दुपार स्थानिक महाविद्यालयाच्या वेळापत्रकात आधीपासून बसवली असती, तर ती टिकली असती. विद्यापीठाकडे खोल्या असतात, दर वर्षी नवे विद्यार्थी येतात, पगारी शिक्षक असतात आणि वेळापत्रक असतं. प्रकल्पाकडे यातलं काहीच कायमचं नसतं.

दुसरी गोष्ट भाषेची, आणि इथे मला झिम्बाब्वेला जावं लागेल. हरारे शहरात २००६ साली, झिम्बाब्वे विद्यापीठाशी संबंधित मनोविकारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी म्बारे या वस्तीत १४ आजीबाईंना घेऊन काम सुरू केलं. त्याआधी त्यांची एक तरुण रुग्ण आत्महत्या करून गेली होती. रुग्णालयात परत यायला सांगितलं होतं, पण घरच्यांकडे बसभाड्याचे पैसे नव्हते. सुमारे १५ डॉलर लागणार होते. देशात तेव्हा मनोविकारतज्ज्ञ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. दवाखान्याच्या आवारात झाडाखाली लाकडी बाक ठेवला, त्यावर आजी बसायची. बाकाला आधी मानसिक आरोग्याचं नाव दिलं होतं. आजींनी सांगितलं, या नावाच्या बाकावर कोणी बसणार नाही. मग तो ‘मैत्रीचा बाक’ झाला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २४ दवाखाने आणि ५७३ माणसं होती. सहा महिन्यांनी बाकावर बसलेल्यांपैकी सुमारे १४ टक्क्यांमध्ये नैराश्याची लक्षणं उरली होती, इतरांमध्ये ५० टक्के.

शोना भाषेत ‘कुफुंगिसिसा’ असा शब्द आहे. फार विचार करणं, विचार सुटता सुटत नाहीत अशी अवस्था. आजी कोणालाही ‘तुला डिप्रेशन आहे’ असं म्हणत नाहीत, त्या कुफुंगिसिसाबद्दल विचारतात. उपचाराच्या पायऱ्यांनाही शोनातलीच नावं आहेत: कुवुरा पफुंग्वा म्हणजे मन उघडणं, कुसिमुद्झिरा म्हणजे उभारी देणं, कुसिम्बिसा म्हणजे बळ देणं. आणि ज्या चौदा प्रश्नांनी त्या तपासणी करतात, ती शोना लक्षणांची प्रश्नावली नव्वदच्या दशकात हरारेतच तयार झाली. ती करणाऱ्यांत विक्रम पटेल होते, मुंबईत जन्मलेले, तेव्हा हरारेत काम करणारे. पुढे गोव्यात ‘संगाथ’च्या स्थापनेत तेच होते. हरारेत त्यांनी लोक आपलं दुखणं कोणत्या शब्दांत सांगतात ते आधी ऐकलं, आणि मग प्रश्न लिहिले. गोव्यातल्या समुपदेशकही आजाराचं नाव पुढे न करता ‘टेन्शन’वरूनच बोलणं सुरू करत.

आमच्याकडे हेच उलट्या क्रमानं झालं. कामाच्या सुरुवातीला मी इंग्रजी प्रश्नावलीचं मराठी भाषांतर घेऊन गावात गेलो. ‘गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला निराश वाटलं का?’ बायका ‘नाही’ म्हणायच्या. नंतर चहा पिताना त्याच सांगायच्या, ‘करमत नाही’, ‘जीव रमत नाही’, ‘डोकं भणभणतं’, ‘छातीत धडधडतं’, ‘विचार लागलाय’, ‘अन्न गोड लागत नाही’. एका प्रश्नात ‘आपण अपयशी आहोत असं वाटतं का’ असं होतं. एक आजी म्हणाल्या, ‘मी शाळेतच गेले नाही, नापास कुठून होणार?’ त्या दिवशी आमच्या तक्त्यात त्यांच्यापुढे शून्य पडलं. त्यांचा मुलगा सहा महिन्यांपूर्वी विहिरीत पडून गेला होता आणि त्या रात्र रात्र अंगणात बसत होत्या. आमच्या कागदाला ते कळलंच नाही. गोंदियात, माणदेशात, तळकोकणात हे शब्द पुन्हा वेगळे. भिलीत, कोरकूत, गोर बोलीत तर आणखी वेगळे. तुमच्या विद्यार्थ्यांमध्ये या बोली घरी बोलणारी मुलं असतील. परदेशी विद्यापीठाकडे जी गोष्ट नाही आणि कधीच नसेल, ती त्या मुलांकडे आहे.

हे सगळं बाहेरून आलं असंही समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेनं १९७५ ते १९८१ या काळात सात देशांत, प्राथमिक आरोग्य केंद्रातूनच मनोविकारांवर उपचार करता येतात का हे पाहिलं, त्यात भारतातली जागा होती हरियाणातलं रायपूर राणी. काम केलं चंडीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेनं. त्याच सुमारास बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेनं सकलवाडा इथे असंच काम सुरू केलं, पुढे बेल्लारी जिल्ह्यात ते जिल्ह्याच्या पातळीवर केलं. १९८२चा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आणि १९९६चा जिल्हा कार्यक्रम यातूनच आला. म्हणजे साध्या आरोग्यसेवकाकडून हे काम करून घेण्याचा विचार आपल्या शिक्षणसंस्थांनी चार दशकांपूर्वीच करून पाहिला होता. करार करताना हा इतिहास टेबलावर ठेवा. त्यानं बोलण्याचा सूर बदलतो, हे मी पाहिलं आहे.

महाराष्ट्रातली दोन उदाहरणं तुमच्या जास्त उपयोगाची. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम झाला, त्यातही ‘संगाथ’ होती आणि पैसा टाटा ट्रस्टचा होता. नैराश्य असलेल्यांपैकी ज्यांनी कुठलाही उपचार घेतला त्यांचं प्रमाण आधी ४.३ टक्के होतं, दीड वर्षानं ते २७.२ टक्के झालं. तुलनेसाठी वेगळी गावं नव्हती, हे लक्षात ठेवून हा आकडा वापरावा. पण शंभरातल्या चौघांवरून सत्तावीस जणांपर्यंत जाणं म्हणजे काय, हे ज्यानं विदर्भात काम केलंय त्याला सांगावं लागत नाही. दुसरं उदाहरण ‘आत्मीयता’. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य कायदा आणि धोरण केंद्रानं हा उपक्रम नाशिक जिल्ह्यात पेठ तालुक्यात सुरू केला. तो पुढे गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर नेला आणि तपासला. गावातल्याच काही व्यक्ती ‘मित्र’ म्हणून कोण त्रासात आहे ते ओळखतात, आणि थोडं जास्त प्रशिक्षण घेतलेल्या ‘चॅम्पियन’ त्या माणसाशी चार-सहा वेळा बोलतात. शिवाय मोबाइलवर गावातल्याच गोष्टींच्या छोट्या फिल्म दाखवतात आणि पेन्शन, रोजगार हमी असे हक्काचे लाभ मिळवून द्यायला मदत करतात.

कायदा शिकवणाऱ्या संस्थेतून हे आलं याचं मला आश्चर्य वाटत नाही. विधवा बाईचं पेन्शन अकरा महिने अडकलेलं असेल, तर तिच्या रात्रीच्या जागरणात त्या अकरा महिन्यांचा वाटा असतो. मघाशी सांगितलेल्या ताईंनी योजनेची माहिती चुकीच्या क्षणी दिली, पण माहिती द्यायला हवीच होती. चौथ्या भेटीत, बाईचं बोलून झाल्यावर. तुमचा विभाग समाजकार्याचा आहे. मानसशास्त्र विभागापेक्षा तुम्हाला हे लवकर उमगेल, म्हणून करारात समाजकार्य विभाग पहिल्या ओळीत असू द्या.

आता दुसरा प्रश्न, काय मागावं.

सेवेशिवाय सर्व्हे नाही, ही पहिली अट लिहून घ्या. खूप वर्षांपूर्वी मी ज्या एका प्रकल्पात होतो तिथे आम्ही आधी घरोघरी पाहणी केली. जीव नकोसा झालाय असं सांगणाऱ्या बायकांची नावं आमच्याकडे जमली, आणि उपचाराचा टप्पा मंजुरीत अडकला. आठ महिने यादी आमच्याकडे होती, सेवा नव्हती. मी दुसऱ्यांदा गावात गेलो तेव्हा एकीनं विचारलं, ‘तुम्ही लिहून नेलं होतं ना?’ मला तिच्याकडे बघता आलं नाही. तेव्हापासून मी ज्या कामात असतो तिथे हा नियम पाळतो: ज्या दिवशी आत्महत्येच्या विचाराचा प्रश्न विचारला जाईल, त्या दिवशी कोणाला फोन करायचा, कोण सोबत जाणार, गाडी कुठून येणार आणि जिल्हा रुग्णालयात कोण भेटणार हे कागदावर ठरलेलं असलं पाहिजे. २०२२पासून ‘टेली मानस’ या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, तो प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ हवा, पण फक्त क्रमांक देऊन आपण मोकळे होत नाही. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं सरकारी खर्चानं उपचार मिळण्याचा हक्क दिलेला आहे, आणि तो हक्क मिळवून द्यायला तिच्याबरोबर कोणीतरी चालत जावं लागतं.

पैशाबद्दल स्पष्ट बोला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या अहवालानुसार, देशांच्या सरकारी आरोग्यखर्चात मानसिक आरोग्याचा वाटा साधारणपणे दोन टक्क्यांच्या आसपास होता. त्यामुळे गरीब देशांतलं संशोधन परदेशी अनुदानावर उभं राहतं, आणि ते कधीही थांबू शकतं. मे २०२५मध्ये वैद्यकीय संशोधनाला पैसा देणाऱ्या अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी संस्थेनं, आपल्या अनुदानातून परदेशी सहकारी संस्थांना वाटा देण्याची जुनी पद्धत बंद करत असल्याचं आणि नवी रचना होईपर्यंत असे नवे वाटे मंजूर करणार नसल्याचं जाहीर केलं. तिथल्या प्राध्यापकांचा हेतू कितीही चांगला असला तरी निर्णय त्यांच्या हातात नव्हता. म्हणून समुपदेशकांचं मानधन आणि सुपरव्हिजन ही दोन कामं परदेशी पैशावर ठेवू नका. मानधनाची सोय जिल्हा परिषदेकडून, राष्ट्रीय आरोग्य अभियानातून किंवा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून कशी होईल याचं बोलणं पहिल्या महिन्यात सुरू करा, शेवटच्या महिन्यात नाही. परदेशी पैसा ध्वनिमुद्रणाची साधनं, प्रशिक्षण साहित्य, बोलीभाषांतलं काम, तपासणीचं आकडेशास्त्र यांवर खर्च होऊ द्या; तो थांबला तरी ताईंचं काम थांबणार नाही.

आशाताईंवर सगळं टाकण्याचा मोह होईल. मध्य प्रदेशात सीहोर जिल्ह्यात ‘संगाथ’ आणि हार्वर्ड मेडिकल स्कूलच्या गटानं आशांना नैराश्यावरची हीच पद्धत स्मार्टफोनवरून शिकवण्याचं काम केलं आहे, आणि ते अभ्यासण्यासारखं आहे. पण आपल्याकडच्या आशाताईंच्या डोक्यावर आधीच किती रजिस्टरं आहेत ते त्यांच्याबरोबर एक दिवस फिरून बघा. मोबदल्याशिवाय नवं काम देणार असाल तर समतेची भाषा तिथेच खोटी ठरते. त्या काम नाकारणार नाहीत, करतीलच. म्हणूनच मोबदल्याचा आग्रह आपण धरायचा.

माहिती आणि नावं याबद्दल थोडक्यात. जमवलेल्या माहितीची पूर्ण प्रत तुमच्या विद्यापीठाकडे राहील आणि तिच्यावर लिहायला तुमच्या विद्यार्थ्यांना परवानगी लागणार नाही, हे लिहून घ्या. संशोधन नीतीला धरून आहे का ते तपासणाऱ्या तुमच्या नीतिसमितीचा निर्णय अंतिम असावा. मराठीत तयार होणारी सगळी मॅन्युअलं मोफत आणि खुली असावीत. गोव्यातली पद्धत आणि रावळपिंडीची पद्धत या दोन्हींची मॅन्युअलं आज कोणालाही मोफत मिळतात, तीच प्रथा ठेवा. शोधनिबंधात गावात काम केलेल्यांची नावं लेखक म्हणून यावीत. आणि पीएचडीच्या जागा तुमच्या विद्यापीठात मागा. झिम्बाब्वे विद्यापीठाच्या पुढाकारानं अदिस अबाबा, केप टाऊन आणि मलावी इथल्या विद्यापीठांनी मिळून ‘अमारी’ नावाचा कार्यक्रम चालवला, त्यात आफ्रिकेतले संशोधक आफ्रिकेतच तयार झाले. आपल्या मुलीनं एक सत्र बोस्टनला किंवा लंडनला जरूर काढावं. पदवी इथली असली की तिचं पुढचं काम इथे राहण्याची शक्यता वाढते.

कराराच्या मसुद्यात सुरुवातीचे तीन महिने ‘तयारी’ म्हणून मागा आणि ते कशासाठी ते नीट लिहा. तुमच्या चार विद्यार्थ्यांना एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओपीडीत बसवा. तपासणी नाही, प्रश्नावली नाही. केसपेपर काढताना, रांगेत, इंजेक्शनची वाट बघताना बायका आपल्या दुखण्याबद्दल काय बोलतात ते, त्या बायकांची परवानगी घेऊन आणि नावं न लिहिता, त्यांच्याच शब्दांत टिपून ठेवायचं. संध्याकाळी एकत्र बसून वाचायचं. आम्ही नंतर हे केलं तेव्हा तीन आठवड्यांत दोनशेच्या वर वाक्यं जमली, आणि प्रश्नावलीतले पाच प्रश्न आम्ही त्यातून पुन्हा लिहिले. अंगणात रात्र काढणाऱ्या त्या आजींना पुढच्या वर्षी आम्ही ‘झोप लागते का’ असं विचारलं नाही. ‘रात्री किती वेळा उठून बाहेर येता?’ असं विचारलं. त्यांनी सांगितलं, आणि मग मुलाबद्दलही सांगितलं.

परदेशी पाहुणे येतील त्यांनाही एक दिवस त्या रांगेत बसवा. मी ज्यांच्याबरोबर काम केलं त्यातल्या चांगल्या माणसांनी हे आनंदानं केलं.

आणि सही करण्याआधी विभागप्रमुखांकडून एक गोष्ट लेखी घ्या: पुढची पाच वर्षं, अनुदान असो वा नसो, आठवड्यातली एक दुपार, एक खोली आणि एक शिक्षक या कामासाठी राखीव राहतील. शुक्रवारच असं नाही. तुमच्याकडे आठवडी बाजार कोणत्या दिवशी असतो ते बघा आणि तो वार धरा, म्हणजे ताई बाजार करून येऊ शकतील आणि गाडीभाडंही वेगळं लागणार नाही.